अंतऱ्याची रिकामी जागा

किसन, काल तुझं तेरावं जेवून परतूरला परत आलो. तुझ्या धावड्याहून भोकरदन, भोकरदनहून जालना, आणि जालन्याहून आपली नेहमीची पॅसेंजर. अंग पार आंबून गेलं होतं. पण झोप अशी लागली की सकाळी बायकोनं दोनदा हलवलं तेव्हा कुठं जाग आली. दहा वर्षं मी एक गोष्ट उशाशी घेऊन झोपत होतो. ती काल तुझ्या ओसरीवर सुटली. गाठ मी मारली होती आणि सोडवून ठेवली होतीस तू, तीही मला पत्ता लागू न देता. म्हणून आज हे बसून लिहितोय. आपल्या बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी बोलणार आहे आणि तू मधे तोंड घालणार नाहीस.

तुला आठवतं का, एक्याऐंशीच्या हिवाळ्यात तू शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला होतास. मी नवा संगीत शिक्षक. तबल्याच्या सगळ्या परीक्षा पास, आणि प्रमाणपत्रं काचेत घालून भिंतीवर टांगलेली. तू कापूस खरेदीच्या आवारात काट्यावरचा हमाल. डोक्यावर कापूस, भुवयांवर कापूस. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम म्हणालास, "मास्तर, ठेका धरता का?" जरा गोणीला हात लावता का, असं विचारावं तसं. मला राग आला. धावड्याच्या मेंढपाळाचा पोरगा रविवारच्या रविवारी पॅसेंजरने जालन्याला जाऊन एका म्हाताऱ्या गवयाकडे सात वर्षं शिकला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तरीही मी आलो तो तुझ्या चुका काढायलाच. सायकलच्या कॅरिअरला तबला-डग्गा बांधून आलो, आणि मग येतच राहिलो.

तुझी मैफल भरायची दुपारी चारला, काटा चहासाठी थांबला की. आवाराबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, दोन-दोन दिवस नंबर न लागलेली. बैल सोडलेले, गाडीवान गाडीच्या सावलीत. तू गोणीवर बसायचास आणि मी पोत्याच्या चवाळ्यावर. कुणाला कळवायचं नाही, आजचा राग अमुक म्हणून सांगायचं नाही. तू सुरू करायचास आणि माणसं सरकत सरकत जवळ यायची.

राग तेच, बाराशे वेळा घासलेले, पण बंदिशी तुझ्या. त्याही ब्रजभाषेत नाहीत, आपल्या बोलीत. सरकी, कापसाची पराटी, नंबर न लागलेली गाडी, माहेराहून न आलेला भाऊ. सात-आठ मिनिटांत संपणाऱ्या, ताना अगदी मोजक्या. मला वाटायचं, हा शास्त्र स्वस्त करून राहिलाय. मी तसं तोंडावर म्हणालोही. तू चिडला नाहीस. म्हणालास, "मास्तर, त्या गाडीवानाला भीमपलास कळत न्हाई, बराबर. पण चार वाजता माणसाला कसं वाटतं, ते त्याला तुमच्यापेक्षा जास्ती कळतं. मंग त्याच्याच वेळेचा राग त्याच्यापासून लपवून काय करायचं?" मग मी तुझ्या आरोहातल्या धैवताचा विषय काढला. भीमपलासात वर चढताना धैवत लागत नाही, हे तुला माहीत होतं, आणि तरी तू एका जागी तो लावायचास. "माझी आई जात्यावर लावायची," एवढंच म्हणालास. तो वाद आपण शेवटपर्यंत चालवला, आणि खरं सांगतो, तो मी अजून सोडलेला नाही.

आणि तुझी ती परीक्षा. गाडीवान बिडी पेटवून ऐकायला बसले की तू गाता गाता त्यांच्या हातांकडे बघायचास. झुरका मारायचं विसरून कुणाची बिडी हातातच विझली, तर बंदिश पास. कुणी मोठ्यानं वाहवा केली तर तू कसनुसं तोंड करायचास. "वाहवा तोंडानं देता येती, मास्तर. बिडी खोटं बोलत न्हाई." मी म्हणायचो, हा काय मोजमापाचा प्रकार झाला? तू हसून म्हणायचास, "तुमी बिडी वढत न्हाई. तुमाला काय कळणार?"

आता मुद्द्यावर येतो. मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो, हे तू जाणतोसच.

एका दुपारी तू ती भीमपलासातली बंदिश आणलीस. नुसती दोन ओळींची स्थायी.

दिवस कलला बाई, अजून येईना,
वाटंकडं डोळा, दारी दिवा लाविना.

मी ठेका धरला होता, तरी माझ्या अंगावर काटा आला. समोरच्या सात-आठ बिड्या एकामागून एक विझत गेल्या. एक म्हातारा गाडीवान उठून आपल्या बैलाजवळ जाऊन उभा राहिला, आपल्या दोघांकडे पाठ करून. तुझ्याकडच्या साऱ्या बंदिशींत ही वरची होती, हे मला तेव्हाच कळलं. तेव्हाच मी तुला तसं सांगायला हवं होतं. त्याऐवजी विचारलं, "आणि अंतरा?"

बंदिशीला दोन खण असतात. स्थायी पहिला, अंतरा दुसरा. स्थायीत जे धरलं ते अंतऱ्यात उलगडायचं आणि परत स्थायीवर यायचं. हे मी तुला सांगत नाही, हे कुणी वाचलंच तर त्याच्यासाठी लिहितोय. तू म्हणालास, "अंतरा न्हाई करायचा."

"का?"

"कोण येईना, हे मी कोण सांगणार? ज्याची त्याची वाट येगळी. मी एक नाव घातलं की बाकीच्यांचं माणूस गेलं."

मी तुला सांगितलं की अंतऱ्याशिवाय बंदिश म्हणजे एका पायाची चप्पल. तू म्हणालास, एका पायाच्या माणसाला तीच लागते. असला तोंडाळ होतास. मग मी हट्टाला पेटलो. आठ दिवस शाळेत पोरांना सरगम घोकायला लावून मी टेबलाशी बसून अंतरा लिहिला. यमुनेचा काठ, सावळा शाम, व्याकुळ राधा, सगळं सामान व्यवस्थित होतं. मात्रांत तसूभर फरक नाही. तू माझं मन राखायला एकदा गायलास. गाडीवान ऐकत होते आणि आरामात झुरके घेत होते. गाणं संपल्यावर तू हळूच म्हणालास, "मास्तर, ही यमुना कुठून आली? आपल्याकडं दुधना हाये, तिलाच पाणी न्हाई." तिथं तो विषय संपायला हवा होता.

पण तो कागद मी खिशात ठेवला. आठ-दहा वर्षं ठेवला, किसन. पाकीट बदललं की कागद नव्या पाकिटात जायचा. आणि जालन्याचा तो कॅसेटवाला आला. भजनांच्या आणि लग्नगीतांच्या कॅसेटी भरणारा माणूस. आपलं ऐकून खूश झाला. आठ गाणी भरू म्हणाला, पहिलं 'दिवस कलला'च घेऊ. फक्त म्हणाला, "दोनच ओळी कशा चालतील? मधे काहीतरी भरा." तू काही बोलायच्या आत मी कागद काढला. तू कागदाकडं बघितलंस, मग माझ्याकडं. म्हणालास, "बराबर हाये." आणि गायलास. वाईट गायला असतास तर बरं झालं असतं. इतका सुंदर गायलास की माझ्या यमुनेलाही क्षणभर पाणी आलं.

कॅसेट काही खपली नाही. कॅसेटवाल्यानं मानधनाऐवजी उरलेल्या मालाचे दोन खोके आपल्यासमोर ठेवले. तू म्हणालास, "मी गावाकडं नेतो," आणि एसटीच्या टपावर टाकून घेऊन गेलास. पुढच्या हंगामात रांगेतल्या लोकांनी ओरडून मागितलं, 'दिवस कलला' म्हणा. मी हातोडीनं तबला चढवत होतो. तू म्हणालास, "ते न्हाई आता. ते कॅसेटीत गेलं."

एवढंच. आवाज चढला नाही की माझ्याकडं बघितलंस नाही. पण मला जे ऐकू आलं ते असं: मास्तर, ते तुम्ही मारलं. त्यानंतर माझ्यासमोर तू ते कधीच गायला नाहीस. बाकी सगळं गायलास, माझ्याशी भांडलास, माझ्या पोरीच्या लग्नात पंक्तीला वाढायला उभा राहिलास. फक्त ते नाही. आणि मीही विचारलं नाही, कारण विचारलं तर तू खरं सांगशील, याचीच धास्ती. पुढं कापसाच्या धुळीनं तुझी छाती भरली, दम्यानं गळा गेला, तू काटा सोडून धावड्याला निघून गेलास. माझी भीती आणखी घट्ट झाली. आता किसन गाऊ शकत नाही. म्हणजे ते गाणं जगात उरणार ते फक्त त्या कॅसेटीत, पोटात माझ्या खोट्या ओळी घेऊन. तुझं सगळ्यात चांगलं जे होतं ते मी बिघडवून ठेवलं. माणूस चोरी करतो तेव्हा निदान वस्तू शाबूत राहते.

जालन्याच्या दवाखान्यात तुला भेटायला आलो तो माफी मागायची ठरवूनच. गाडीत वाक्यं पाठ केली होती. खाटेशी बसलो आणि म्हणालो, "किसन, त्या अंतऱ्याचं..." तू हात वर केलास. दम घेत घेत विचारलंस, "डग्ग्याची शाई उडाल्ती ना? नवी घातली का?" मी म्हणालो, घातली. "वाजतो का बराबर?" वाजतो म्हणालो. मग बराच वेळ नुसता श्वासाचा आवाज. उठायला लागलो तेव्हा म्हणालास, "गावाकडं या. चार वाजता या. मंग बोलू." मला वाटलं, तापात बोलतोय. बावीस वर्षांत तू किती वेळा म्हणाला होतास, मास्तर, एकदा गावाकडं या. मी आलो तो थेट तुझ्या तेराव्याला. आणि बावीस वर्षं तू मला 'मास्तर, तुमी' म्हणालास, मी तुला 'अरे किसन'. आपण एका वयाचे होतो. हे बदलायचं तर मीच बदलायला हवं होतं, ते माझ्या कधी ध्यानातही आलं नाही.

काल जेवणं उरकली. बायका भांडी आवरत होत्या, पुरुष ओसरीवर पान-सुपारीला बसले होते. मी निघायला म्हणून चपला शोधायला लागलो. तेवढ्यात तुझी बायको, आमच्या गयावहिनी, आतून लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला टेप घेऊन आल्या. म्हणाल्या, "बसा भाऊजी. चार वाजायला आले. तुमी आले की चार वाजता लावा, आसं सांगून गेलेत ते."

कुठली कॅसेट हे विचारायची गरजच नव्हती.

त्यांनी बटण दाबलं. माझा ठेका आणि त्यावर तुझा आवाज, धडधाकट, दम्याच्या आधीचा. स्थायी एकदा झाली, दोनदा झाली. आता यमुना येणार म्हणून मी मान खाली घातली. सगळ्या गावासमोर, तुझ्या तेराव्याला.

खट् असा आवाज झाला, आणि यमुना आली नाही.

तिथं तुझं अंगण आलं. कोंबडी ओरडली. कोकरू बेंबाटलं. कुणीतरी हंडा खाली ठेवला. तुझ्या लेकीचा, मंदाचा, लहानपणचा आवाज, "बा, काय करून राह्यला?" आणि तुझा दबका, "गप. सोळा मोजून राह्यलो." आणि खाली, पत्र्याच्या पेटीवर बोटांनी धरलेला सोळा मात्रांचा तीनताल. त्या आवाजांच्या मधे, टेपात नव्हे, इथं ओसरीवर भिंतीला टेकून बसलेल्या गयावहिनी गायला लागल्या. मोठ्यानं नाही, भाकरी थापताना म्हणावं तसं.

कापसाच्या गाड्या आल्या, काट्यावरती धनी गं,
दोनदा केली ताजी भाकर, दोनदा गेली निवून गं.

मग परत खट्, आणि तुझा 'दिवस कलला'. सम बराबर आली. मी तपासली, तेवढी खोड जाणार नाही. आणि वहिनींनी वर चढताना धैवत लावला होता. तोही मला कळला.

वहिनींनी सगळं सांगितलं ते कॅसेट मागं फिरवता फिरवता. दोन्ही खोके तू असेच केलेस. भरलेल्या कॅसेटीवर परत भरता येऊ नये म्हणून तिच्या डोक्यावर जी भोकं असतात, ती कागद कोंबून बुजवायचास. स्थायी संपली की भरायचं बटण दाबायचं, पेटीवर आवर्तनं मोजायची, आणि बरोबर समेच्या तोंडाशी सोडायचं. सुट्टीला गावी आलास की हाच उद्योग. पहिल्या काही कॅसेटींत तुझा हात चुकला. एकीत 'यमु' एवढंच उरलंय आणि त्याच्या पुढं लगेच शेळी ओरडते. तिला गावात यमूची कॅसेट म्हणतात म्हणे. आणि मग गावातली पोरगी सासरी निघाली की तिच्या पेटीत एक कॅसेट, हा रिवाजच पडला. कुंकवाचा करंडा, आरसा आणि किसनकाकाची कॅसेट. तुझ्या भावाची, लिंबाजीची पोर वडीगोद्रीला दिली आहे. ती म्हणाली, "माझ्या सासूनंबी तिचा अंतरा केलाय. तिचा भाऊ येत न्हाई, त्याचा."

मी विचारलं, "वहिनी, मला का नाही सांगितलं त्यानं?"

त्या म्हणाल्या, "कसं सांगावं? त्यांना लई वाईट वाटायचं. म्हणायचे, मास्तरनं आठ दिवस बसून लिवलं आन मी ते पुसून राह्यलो. तुमच्यासमोर अंतरा गाळून म्हणलं तर तुमचा अपमान व्हतो, म्हणून तुमच्यापुढं ते म्हणायचंच सोडलं त्यांनी. दवाखान्यातबी म्हणले, मास्तरला तोंडानं न्हाई सांगता यायचं मला. तूच टेप लाव."

किसन, मी हसलो. तेराव्याच्या घरात, सगळ्यांसमोर, डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसलो. वहिनीही पदर तोंडाला लावून हसल्या. दहा वर्षं मी तुझं गाणं मारलं म्हणून तुझ्यापासून तोंड लपवतोय, आणि तू माझ्या ओळी पुसल्या म्हणून माझ्यापासून. दोन शहाणे शेजारी शेजारी बसून रोज चहा पीत होते. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात, तो मी काल खरोखर उतरताना पाहिला. तू गेल्याचं दुःख आहेच, ते आता माझंच आहे, ते कुठं जात नाही. पण त्याच्या खाली जे कुजत होतं ते गेलं. गाणं जिवंत आहे आणि ते माझ्यावर अवलंबून नाही, एवढी मोकळीक मला कुणी कधी दिली नव्हती.

मग कॅसेट फिरत राहिली, आणि त्या रिकाम्या जागेत एकेक जण आपला अंतरा म्हणायला लागला. लिंबाजीनं अंतरा म्हटला तो एका कुत्र्याचा. लांडग्यामागं रानात गेलेला त्याचा कुत्रा परत आला नाही, त्याची वाट. कुणी हसलं नाही. शेवटी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आता तुमी."

आठ-दहा वर्षं मी तुला अंतरा मागत होतो, आणि माझ्याजवळ एक ओळ नव्हती. लिंबाजीला वाटलं, मला धीर हवा आहे. त्यानं बिडी पुढं केली. मी घेतली. बिडी न ओढणाऱ्याला कळत नाही, असं तू म्हणायचास, तर म्हटलं बघू तरी. पहिल्या झुरक्याला ठसका लागला, मंदानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. वहिनींनी बटण दाबलं.

दिवस कलला बाई, अजून येईना.

खट्. अंगण. कोंबडी. "गप. सोळा मोजून राह्यलो." सगळे माझ्याकडं बघत होते. मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण आता मला आणखी काहीतरी ऐकू येत होतं, जे मघाशी कुणी ना कुणी गात असल्यामुळं ऐकू आलं नव्हतं. तुझा श्वास. टेपच्या तोंडाशी वाकून बसलेल्या तुझा, मोकळा, एकसारखा, दमा नसलेला श्वास. आणि पेटीवर बोटं. तू माझ्या ओळी पुसल्यास तेव्हा माझा तबलाही पुसला गेला होता, आणि तिथं तू स्वतः ठेका धरला होतास, मी धरायचो अगदी तसा, तेराव्या मात्रेवर जरासा दाबून. माझी जागा तू दुसऱ्या कुणाला दिली नव्हतीस. मी काहीच म्हटलं नाही. सगळी आवर्तनं रिकामी जाऊ दिली. भरायची घाई मी आयुष्यात पहिल्यांदा केली नाही.

खट् झालं, सम आली, तू परत सुरू झालास. गाणं संपलं. मग लिंबाजी माझ्या हाताकडं बघत हळूच म्हणाला, "मास्तर, काडी देऊ का?"

मी खाली पाहिलं. बिडी विझली होती.